अल्सासमध्ये मी द्राक्षं निवडली

परत येऊन दोन महिने झाले, तरी आमच्या गिरगावातल्या वाडीत मला एकच प्रश्न विचारला जातो. फ्रान्स कसा आहे, थंडी किती, माणसं कशी, हे कुणी विचारत नाही. जिन्यात गाठतात, आजूबाजूला बघतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "अप्पा, खरं सांगा. घेतलीत?"

उत्तर शेवटपर्यंत लांबवत नाही. नाही घेतली. वास घेतला. पण मी तिथे जे करून ठेवलं, ते पाहता घेतली असती तर बरं झालं असतं. निदान सांगायला कारण तरी राहिलं असतं.

मी परळच्या एका गिरणीत छपाई खात्यात मास्तर आहे. वय सेहेचाळीस. कामगारांच्या नाटकांत गेली वीस वर्षं खलनायक करतो, त्यामुळे माझ्या साध्या "नाही"वरही कुणाचा विश्वास बसत नाही. गिरणीने कापड छापायचं एक नवं यंत्र फ्रान्समधून मागवलं होतं आणि ते खोक्यात भरण्यापूर्वी कुणीतरी जाऊन नजरेखालून घालायचं होतं. जाणार होते आमचे साहेब. त्यांना नेमकं मूळव्याधीचं दुखणं निघालं. साहेबांचं दुखणं आणि माझं नशीब, दोन्ही एकाच दिवशी उघडकीला आली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळी वाडी आमच्या खोलीत. समोरच्या खोलीतले परुळेकर म्हणाले, "अप्पा, तिकडे पाणी मागितलं तरी वाइन देतात म्हणे. वाइनच स्वस्त."

"मग दूध मागा," आमची सौ. चकल्यांचा डबा बांधता बांधता म्हणाली.

"फ्रेंचमध्ये दूध कसं मागायचं ते ह्यांना कुठं येतंय, वहिनी?"

"गाईचं नाटक करतील. एवढी वर्षं स्टेजवर उगीच गेलेत का?"

आई कोपऱ्यात बसली होती. आमची आई मालवणकडची, थोडं बोलते पण बोलली की खोलीत भांडंसुद्धा वाजत नाही. ती म्हणाली, "थेंब जरी पियालंस, तर माजां मेल्यालां तोंड बघशीत."

झालं. आमच्या राज्यात दारूबंदी आहेच, पण सरकारच्या दारूबंदीतून डॉक्टरच्या चिठ्ठीने सुटता येतं. आईच्या दारूबंदीला चिठ्ठी नाही.

म्युलूज

अल्सास हा फ्रान्सचा पूर्वेकडचा एक चिंचोळा तुकडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ऱ्हाईन नदी आणि नदीपलीकडे जर्मनी. तिथल्या म्युलूज गावात कापडाच्या गिरण्या आहेत. स्टेशनाबाहेर धुराडी दिसली आणि मला लालबागला उतरल्यासारखं वाटलं. फक्त भोंगा झाल्यावर माणसं धावत नव्हती, एवढाच काय तो फरक.

यंत्र तयार होतं, पण त्याचा तांब्याचा एक रूळ खराब निघाला आणि दुसरा यायला आठ दिवस लागणार होते. कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार बघणारी लुईझ नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. माझी अख्खी फ्रान्सस्वारी तिच्याच जिभेवर चालली होती. ती म्हणाली, "आठ दिवस हॉटेलात कंटाळाल. आमच्या गावी चला. बसने एक तास. बाबा पांढरी वाइन करतात."

मला आईचा चेहरा दिसला. मग हॉटेलातले उकडलेले बटाटे दिसले. मी निघालो.

लुईझचं घर

गावाचं नाव सांगत नाही, कारण ते उच्चारताना मला अजून ठसका लागतो. घरं लाकडी चौकटींची, गुलाबी, पिवळी, निळी, जणू आमच्याच खात्यात छापून काढलेली. मागे टेकडी, टेकडीवर द्राक्षांच्या ओळी, आणि घराखाली दगडी तळघर, त्यात पिंपं. द्राक्षं काढणं, दाबणं, पिंपात मुरवणं, बाटल्या भरणं, सगळं घरची माणसंच करतात.

लुईझचा बाप एमिल म्हणजे साठीचा, दाराएवढा माणूस. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक टोपी वाळत घालावी. आई मार्गरीत, गोल आणि घाईची. सौ.चा फराळाचा डबा मी तिच्या हातात दिला, तर तिने चकली डोळ्याला लावून पलीकडे पाहिलं, मग खाल्ली आणि लुईझला काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय, ही गुंडाळायला किती दिवस लागतात?"

जेवायला भाकरीसारखी पातळ, खरपूस रोटी होती, वर घट्ट साय आणि कांदा. मी चार खाल्ल्या. मग मार्गरीतने चीज आणलं. त्याचं झाकण काढलं आणि मी दचकून खुर्चीखाली बघितलं. आमच्या वाडीत कुणी सुकट भाजली तर वरच्या मजल्यावरून भांडायला येतात. या चीजपुढे सुकट म्हणजे अत्तर. पण खाऊन बघितलं आणि काय सांगू, लाज सोडून दुसऱ्यांदा मागितलं.

मग एमिलने बाटली उघडली. पेला माझ्यापुढे सरकवला. मी स्टेजवरच्या संन्याशासारखा पंजा वर केला.

एमिलने विचारलं, "आजारी आहात?"

"नाही."

"धर्म?"

"नाही. आई."

हे त्याला पटलं. मान डोलावली. पण मी मूर्खासारखं पुढे सांगितलं, की आमच्याकडे विनापरवाना प्यायलं तर तुरुंगात टाकतात. लुईझने ते सांगितलं मात्र, एमिल उभा होता तो खाली बसला.

"माझ्या वाइनसाठी तुरुंग? तिने काय केलंय?"

मग म्हणाला, आईने पिऊ नको म्हटलंय ना, वास घेऊ नको म्हटलेलं नाही. कायद्याचा कीस पाडायला तो आमच्या परुळेकरांच्या तोडीचा. त्याने तळघरातून एक जुनी बाटली आणली, रीझ्लिंग नावाच्या द्राक्षाची. मी पेल्यात नाक घातलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसला वास?"

आता मी नट असलो तरी नाक खरं बोलतं. "घासलेट," मी म्हणालो. "आमच्या स्टोव्हचा. सकाळी पहिल्यांदा पंप मारल्यावर येतो ना, तो."

लुईझ पांढरी पडली. "हे मी सांगणार नाही."

"सांग," एमिल गुरगुरला.

तिने सांगितलं. एमिल टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने मला असं कवटाळलं, की माझा चष्मा त्याच्या मिशीत अडकला. जुन्या रीझ्लिंगला असाच वास येतो म्हणे, आणि गावात येणारे सगळे पाहुणे फुलं, मध, पीच अशी खोटी नावं घेतात. त्या क्षणापासून मी त्याचा "मस्य अप्पा", म्हणजे अप्पासाहेब, झालो.

त्याने मला स्वतःची गोष्ट सांगितली. जन्मला तेव्हा अल्सास जर्मनीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच झाला. दुसऱ्यात पुन्हा जर्मन, मग पुन्हा फ्रेंच. "आणि या घराचं दारसुद्धा हललं नाही," तो म्हणाला. मग मी त्याला आमच्या संयुक्त महाराष्ट्राचं सांगितलं. मुंबई आम्हाला आमच्या राज्यात हवी आहे आणि ती देत नाहीत.

"आणि नव्या राज्यात वाइन पिता येईल?"

"ते काही ठरलेलं नाही."

"मग भांडता कशासाठी?"

मी हसलो. पण आमच्या वाडीतून मोर्चाला गेलेल्यांपैकी एक जण परत आला नाही, हे सांगितलं तेव्हा त्याने पेला खाली ठेवला आणि बराच वेळ मिशी ओढत बसला.

चार ओळी

दुसऱ्या दिवशी त्याने मला टेकडीवर नेलं. गावाची तोडणी केव्हाच उरकली होती, सगळे मळे उघडे. फक्त एमिलच्या वरच्या चार ओळींवर घड लटकत होते.

"या लुईझच्या," तो म्हणाला.

त्यांच्या घराण्याची रीत अशी: मुलगी जन्मली की तिच्या नावाचं एक छोटं पिंप करायचं, आमच्या दोन कळशा मावतील एवढं. लग्न ठरलं, की त्या वर्षी चार ओळी उशिरापर्यंत ठेवून त्यांची गोड वाइन त्या पिंपात भरायची आणि लग्नात पाहुण्यांना तीच द्यायची. थोरलीच्या वेळी ऐन वेळी पाऊस कोसळला, घड कुजून पाणी झाले, पिंप कोरडं राहिलं. तेव्हा मार्गरीतचा भाऊ रने पुढे झाला आणि त्याने आपली वाइन दिली. एमिलचा हा मेव्हणा ओढ्यापलीकडच्या टेकडीवर राहतो. त्या गोष्टीला सात वर्षं झाली. पण बारसं असो, मयत असो, रने पेला वर करून विचारतो, "एमिलच्या मुलीच्या लग्नात तुम्ही काय प्यालात, आठवतं ना?"

लुईझचं लग्न वसंतात होतं. या वेळीही पिंप कोरडं राहिलं, तर एमिलला ते वाक्य मरेपर्यंत दोनदा ऐकावं लागणार होतं.

रविवारी सकाळी तिघंही काळे कपडे घालून चर्चला आणि तिथून कबरस्तानात फुलं ठेवायला गेली. मी एकटाच घरी. आठ दिवस फुकट जेवणारा पाहुणा, हाताला काम नाही. फिरत फिरत त्या चार ओळींपाशी गेलो आणि एक घड जवळून बघितला.

बघतो तर काय, निम्मी द्राक्षं सडलेली! सुरकुतलेली, तपकिरी, वर करडी बुरशी. मधे मधे चांगली टपोरी. पोरीच्या लग्नाचा जिन्नस आणि ही अवस्था! आमच्याकडे लग्न ठरलं, की वाडीतल्या बायका सतरंजीवर ताटं घेऊन बसतात आणि लग्नाचे तांदूळ निवडतात. खडा नाही, कणी नाही, काळा दाणा नाही. लहानपणापासून मी त्या ताटांशी बसलेला. शिवाय छपाई खात्यातली नजर; दहा वार कापडात एक ठिपका चुकला तरी मला तो रात्रभर टोचतो.

मी अंगणातून बादली आणि कात्री आणली, कोट झाडाला टांगला आणि सुरुवात केली. एकेक सडका दाणा अलगद काढायचा, चांगल्याला धक्का लावायचा नाही. तोंडाने आमच्या नाटकातली पदं चालू. पहिली बादली भरली, ती खाली नेऊन कोंबड्यांना घातली. काय तुटून पडल्या! एवढी चव त्यांनी जन्मात पाहिली नसावी, आणि ते खरंच होतं, हे मला तासाभराने कळलं.

दुसरी बादली निम्मी झाली होती, तेव्हा ओळीच्या टोकाला तिघं उभी दिसली. मी घाम पुसला, आणि खलनायकाला आयुष्यात एकदाच मिळतो तसा टाळ्यांचा प्रवेश घेतल्यासारखे हात पसरले. "बघा! सगळी सडकी काढली!"

लुईझने तोंडावर हात धरला. एमिलने हॅट काढली, जशी मघाशी कबरीपाशी काढली असणार.

आता तुम्हाला सांगतो, जे मला तेव्हा रडत-हसत लुईझने सांगितलं. ती बुरशीच हवी असते. उशिराच्या धुक्यात ती दाण्यावर बसते, त्यातलं पाणी शोषून घेते, आत मागे उरते ती नुसती साखर. त्यासाठी एमिल तीन आठवडे थांबला होता. गोड वाइन त्या सडक्या दाण्यांची होते. मी निवडून लग्नाचे तांदूळ फेकले होते आणि खडे ठेवले होते.

"पहिली बादली कुठाय?" एमिलने विचारलं.

मी कोंबड्यांकडे बोट दाखवलं. त्या उन्हात डोळे मिटून बसल्या होत्या.

ओढ्यापलीकडून हसण्याचा आवाज आला. रने त्याच्या कुंपणाला रेलून उभा होता. बाकी भाषा समजत नाही, पण मेव्हण्याचं हसणं कुठल्याही देशात समजतं.

एमिल माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात गिरगावचा निरोप घेतला. त्याने दुसऱ्या बादलीत हात घातला, मूठभर दाणे वर काढले, उलटे पालटे करून पाहिले. मग आणखी एक मूठ. मग मार्गरीतला हाक मारली.

"यात एकही चांगला दाणा नाही," लुईझने त्याचं बोलणं सांगितलं. "म्हणजे एकही वाईट नाही. आजोबांच्या वेळी असे दाणा दाणा निवडत. आता कुणाला धीर नसतो, आम्ही अख्खा घडच कापतो. बाबा विचारतायत, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"तांदळावर," मी म्हणालो.

एमिलने डोंगराकडे पाहिलं. तिथे ढग जमायला लागले होते. तो आणखी चार दिवस थांबणार होता, पण माझ्या कात्रीने घड उघडे पडले होते. पाऊस आला असता तर राहिलेलंही गेलं असतं. मार्गरीतने काळ्या झग्यावर ॲप्रन बांधला आणि आम्ही चौघं दिवेलागणीपर्यंत दाणे निवडत बसलो. मी मास्तरकी सुरू केली. "हळू! नखं लावू नका! मस्य एमिल, हा दाणा नापास!" त्याने मुकाट्याने तो दाणा बादलीतून परत काढला.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी एमिल दारात उभं राहून पाणी बघत होता.

"मग मस्य अप्पांचे आभार मान," मार्गरीत म्हणाली.

"पावसाचे मानतो," एमिल म्हणाला. "कोंबड्यांचे नाही."

पिंप

दाण्यांचा रस मधासारखा, थेंब थेंब उतरतो. तो सगळा लुईझच्या पिंपात ओतला, तर चार बोटं कमी भरलं. ती चार बोटं म्हणजे माझी पहिली बादली, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

एमिलच्या बापाची शिस्त अशी, की पिंप तोंडापर्यंत भरलेलं हवं. रस आंबून त्याला उकळ्या फुटल्या, की वरची घाण फेसाबरोबर बाहेर उतू गेली पाहिजे. रिकाम्या जागेत हवा कोंडली, की रसाचा शिरका होतो. "दुसरी वाइन घाला," मी सुचवलं. एमिलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवरी बदलायला सांगितलं होतं.

यावर जुना उपाय आहे: धुतलेले दगड टाकायचे. दगड जागा घेतात, रस वर येतो. मी हर्षाने टेकडीवर धावलो आणि सदऱ्याचा ओचा भरून दगड आणले. एमिलने एकावर शिरक्याचे चार थेंब टाकले. दगड फसफसला. त्याची टेकडी पूर्ण चुनखडीची. असा दगड रसातला आंबटपणाच खाऊन टाकतो.

"मग न फसफसणारा कुठे मिळेल?"

एमिलने हातातला दगड खाली टाकला. शेवटी मार्गरीतने खिडकीतून ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. त्या टेकडीवर गुलाबी ग्रॅनाइट होता. रनेच्या टेकडीवर.

"मी रडून भरीन, पण त्याच्याकडे मागणार नाही," एमिल म्हणाला.

बादली मी घालवली, तर वकिलीही मीच केली पाहिजे. कोट घालून, लुईझला घेऊन मी ओढा ओलांडला. रने हा एमिलच्या निम्म्याने, चण्यासारखा टणक, डोळे लुकलुकते.

"म्हणजे आता एमिलला माझे दगड हवेत?" त्याने विचारलं. "पुन्हा सांगा. मोठ्याने."

लुईझने सांगितलं. तो म्हणाला, अजून एकदा. तेव्हा मी तिला बाजूला केलं. आमच्या एका नाटकात मुलीचं लग्न मोडू नये म्हणून बाप व्याह्याच्या पायाशी गयावया करतो, असा प्रवेश होता. ती भूमिका मला कधी मिळाली नाही, पण विंगेत उभं राहून पाठ झाली होती. मी चिखलात गुडघे टेकले आणि सुरुवात केली, शुद्ध मराठीत, हुंदक्यांसकट. रनेला एक अक्षर कळलं नाही. त्याची बायको स्वयंपाकघरातून येऊन डोळे पुसायला लागली. त्याच्या कुत्र्याने गळा काढला.

"बस, बस, उठा," रने म्हणाला. "दगड देतो. पण पिंपात मी टाकणार. माझ्या हाताने."

त्याने दगड निवडले ते हापूस निवडावे तसे, दाबून, वास घेऊन. घासले, उकळले, आणि चर्चला जायचा कोट चढवून, रुमालात बांधून घेऊन आला. तळघरात एमिल पिंपाशेजारी हाताची घडी घालून उभा होता. रने एकेक दगड पिंपाच्या भोकातून आत सोडायला लागला. बुळुक. बुळुक. प्रत्येक आवाजाला एमिलची मिशी थरथरत होती. रस चढत चढत काठाखाली अर्ध्या बोटावर आला आणि रनेच्या हातात शेवटचा दगड उरला.

तो त्याने टाकला नाही. चिमटीत धरून एमिलकडे पाहत राहिला.

एमिलचे कान लाल झाले. त्याने लुईझकडे पाहिलं. ती पिंपावर कोरलेल्या आपल्या नावावर बोट फिरवत होती.

"टाक, रने," एमिल म्हणाला.

"कृपा करून?"

"रने," त्याची बहीण म्हणाली, "टाक. नाहीतर मी तुलाच टाकते."

बुळुक. रस काठाला आला, क्षणभर फुगला आणि एक थेंब लाकडावरून खाली ओघळला. लुईझने तो बोटाने टिपला आणि ओठांना लावला, आणि तिने डोळे मिटले त्यावरून मला कळलं, की पोरीचं लग्न नीट होणार.

रनेने हात पुसले. त्याला आता थोडंच राहवतंय! तो पेल्याशिवायच हात वर करून लग्नातल्या भाषणाची तालीम करायला लागला: "लुईझच्या पिंपाच्या तळाशी कोण होतं, आठवतं ना?"

एमिलने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं.

"तळाशीच राहा," तो म्हणाला, आणि मेव्हण्यासाठी पेला भरायला वळला.